कस

अकरा वाजून दहा मिनिटांनी बाटली बोलली.
यंत्रात चाळीस बाटल्या, एकोणचाळीस मुक्या,
आणि सतराव्या खणाचा दिवा पिवळा.
चिठ्ठीवर माझंच अक्षर:
जिनगोंडा भोकरे, वय एकेचाळीस,
शिरोलीच्या फौंड्रीत साचेवाला.
रक्त काढलं तेव्हा ताप एकशेचार,
थंडी अशी, की लोखंडी कॉट वाजत होती म्हणे.

काचपट्टीवर थेंब. रंग, पाणी, पुन्हा रंग.
भिंगाखाली गुलाबी काड्या,
सांडलेल्या तांदळासारख्या, पण सांडलेल्या नव्हेत,
वाढत असलेल्या.

पूर्वी इथून पुढं तीन दिवस जायचे.
एकदा मी तिसऱ्या दिवशी
नीट टाइप केलेला रिपोर्ट घेऊन वॉर्डात गेले.
कॉटवर धुतलेली चादर होती.
रिपोर्ट बरोबर होता. अगदी बरोबर.
तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
फेकायचा कुठं ते ठरत नाही.

आता बाटलीतलं रक्त सरळ प्लेटवर.
वर कागदाच्या सहा टिकल्या, मसुराच्या दाण्याएवढ्या,
प्रत्येकीत एकेक औषध भिजलेलं.
झाकण. पस्तीस अंश.
चार तासांनी बघायचं, सहा तासांनी, आठ तासांनी;
पाच मिनिटं इकडं, पाच तिकडं, एवढीच मुभा.
एक वाजता जंतूची जात कळली: ई. कोलाय.
जात कळली. स्वभाव कळायचा होता.

वडील हुपरीत चांदीचा कस बघायचे.
काळ्या दगडावर रेघ, रेघेवर थेंब,
लाल उमटलं तर चांदी.
गिऱ्हाईक उगाच बडबडायचं.
वडील म्हणायचे, "दगडाला बोलू दे की.
तू कशाला मधी?"

तीन चाळीस. प्लेट दिव्यासमोर तिरपी धरली.
धुकं. कुठंच कडा नाही.
कडा दिसत नसेल तर वाचू नये, हा नियम.
वॉर्डातून मुजावर मॅडमचा फोन: "काही?"
"नाही मॅडम."
"अंदाज तरी?"
"अंदाज नाही सांगता येत."
हे वाक्य न अडखळता म्हणायला
मला अकरा वर्षं लागली.

पाणी प्यायला बाहेर आले तर बाकावर त्याची बायको,
मांडीवर स्टीलचा डबा, झाकणाची कडी लावलेली.
"खाल्लं नाही?"
"दिवस मावळल्यावर आमच्यात खात न्हाईत."
डबा संध्याकाळी पोचला होता, उशिरा.
दसरा चौकाकडून एक रिकामी रिक्षा गेली,
गाणं मोठ्यानं लावून, आणि मला तिचा राग आला.

पाच चाळीस.
काल दुपारपासून जे इंजेक्शन चालू होतं
त्याची टिकली आधी शोधली.
तिला खेटून दाट पीक,
बांधापर्यंत ऊस यावा तसं.
दुसरी तशीच. तिसरी तशीच. चौथी,
चौथीकडं मी जरा जास्त वेळ बघितलं, तशीच.
पाचवीभोवती वर्तुळ, पण तक्त्याच्या त्या पट्टीत
जिथं हो म्हणायचं नसतं आणि नाहीही.
सहावीभोवती स्वच्छ जागा.
पट्टी ठेवली: एकवीस मिलिमीटर.
पुन्हा ठेवली, दुसऱ्या बाजूनं: एकवीस.
एकवीस मिलिमीटर म्हणजे काय,
पैंजणाच्या एका कडीची रुंदी,
तेवढ्यात काहीच उगवलेलं नव्हतं.

फोनवर मी एकेक नाव सावकाश वाचलं.
मॅडम प्रत्येक नाव परत म्हणाल्या.
शेवटचं, मेरोपेनेम, दोनदा म्हणाल्या,
आणि फोन ठेवायच्या आधीच
कुणाला तरी हाक मारल्याचं ऐकू आलं.

तो वाचेल का, ते प्लेटवर लिहिलेलं नसतं.
मी हात धुतले, कोपरापर्यंत.
बाहेर बाई तशीच बसलेली.
मला बघून उठली नाही, काही विचारलंही नाही
त्याच्याबद्दल. खिडकीकडं मान वळवून एवढंच म्हणाली,
"उजाडलं का हो?"
मी बघितलं. समोरच्या गच्चीवरची टाकी
ओळखू येऊ लागली होती,
तिची कडा.